किल्लारी १९९३ : मदत तत्काळ आली, विचारपूस कधी आली?

१/
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे निजली होती. जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळ यांसारखी गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग झाली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६,००० जखमी झाली. या भूकंपाच्या शास्त्रीय बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा थ्रेड त्याच्या मानवी बाजूचा आहे: दुसऱ्याचे दुःख समजून घेणे म्हणजे नेमके काय, याची मराठवाड्यात झालेली परीक्षा.

२/
आधी शब्दाचा थोडा इतिहास. १८७३ मध्ये रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने कलाकृतीत 'आत शिरून' ती अनुभवण्याच्या क्रियेसाठी 'आइनफ्यूलुंग' हा शब्द वापरला. १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी त्याचे 'एम्पथी' असे इंग्रजी रूप घडवले. मराठीत त्याला 'समानुभूती' म्हणतात. सहानुभूतीत माणूस काठावर उभा राहून हळहळतो. समानुभूतीत तो दुसऱ्याच्या जागी उभा राहून पाहण्याचा प्रयत्न करतो.

३/
शब्द नवा असला तरी कल्पना मराठवाड्याला नवी नव्हती. पैठणच्या एकनाथांची कथा घरोघरी ठाऊक आहे: रामेश्वराला न्यायचे गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. नामदेवांच्या कथेत कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, कारण कोरडी भाकरी त्याच्या घशाला टोचेल. या कथांकडे इतिहास म्हणून पाहण्याचे कारण नाही. पण त्या काय शिकवतात ते लक्षणीय आहे. देणाऱ्याजवळ काय आहे, यापेक्षा घेणाऱ्याला काय हवे आहे, याकडे त्यांची नजर आहे.

४/
नांदेडलाही अशीच एक स्मृती आहे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे देहावसान झाले. तेथील सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. त्यांचे शिष्य भाई कन्हैया यांची कथा शीख परंपरा सांगते: आनंदपूरच्या लढाईत ते जखमी शत्रूलाही पाणी पाजत. तक्रार गुरूंपर्यंत गेली. गुरूंनी रागावण्याऐवजी त्यांच्या हाती मलम दिले, कारण जखमेला नुसते पाणी पुरत नाही. तहान पाहिली, त्याच्या पुढे जाऊन जखमही पाहिली.

५/
या साऱ्यासाठी बोलीत एक साधा शब्द आहे: विचारपूस. त्याच्या पोटात दोनदा प्रश्न आहे, 'विचारणे' आणि 'पुसणे'. आजाऱ्याकडे, दुःख पडलेल्या घरी माणसे विचारपूस करायला जातात. किल्लारीचा पुढील इतिहास या एका शब्दाच्या कसोटीवर वाचला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

६/
कथा भूकंपाच्या आधी सुरू होते. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात जमिनीतून आवाज येत होते, धक्के जाणवत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा होता. लोक घाबरले, अनेकजण घराबाहेर झोपू लागले. पुढे धक्के कमी झाले, भय ओसरले, माणसे पुन्हा आत निजू लागली. भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या.

७/
भूकंपाचे भाकीत करणे तेव्हा शक्य नव्हते, आजही नाही. शिवाय दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. तत्कालीन भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणून कोणा एकावर दोष ठेवणे सोपे नाही. परंतु एक प्रश्न उरतो. नकाशा एक सांगत होता आणि गावकऱ्यांची भीती दुसरे सांगत होती, तेव्हा भीतीकडे अज्ञान म्हणून न पाहता माहिती म्हणून पाहिले असते, तर निदान घरांच्या भिंती कोणी तपासल्या असत्या.

८/
त्या भिंती समजून घेतल्याशिवाय हानी समजत नाही. या भागातील जुनी घरे माळवदाची: आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, भोवती दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर लाकडी पाटांवर मातीचा जड थर. घराचा आकार 'खणां'त मोजला जाई. उन्हाळ्यात हे घर थंड राही, धान्य सुरक्षित राही, जनावरे दाराशी बांधता येत. शतकानुशतकांच्या गरजांना दिलेले ते शहाणे उत्तर होते. फक्त भूकंप हा प्रश्न त्याला कधी विचारला गेला नव्हता.

९/
भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी होती. जगात अशा तीव्रतेचे भूकंप दरवर्षी अनेक होतात. येथे केंद्र उथळ होते, वेळ पहाटेची होती आणि भिंतींतील दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. बाहेरचा आणि आतला असे भिंतीचे दोन थर सुटे झाले, दगड निजलेल्या माणसांवर कोसळले, वरून माळवदाची माती आली. अनेक ठिकाणी आतले लाकडी खण मात्र उभेच राहिले. ही बारीकशी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

१०/
पहिल्या दिवसांचे चित्र विदारक होते. पाऊस कोसळत होता. लष्कर आणि स्वयंसेवक ढिगारे उपसत होते. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते, मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी भूकंपग्रस्त भागात पोहोचले. मृतांची संख्या इतकी की सामूहिक अग्निसंस्कार करावे लागले, आणि चितेसाठी पडलेल्या घरांचीच लाकडे वापरली गेली. ज्या तुळईखाली आयुष्य गेले, तीच सरणावर आली.

११/
मग मदतीचा पूर आला. राज्यातून, देशातून, परदेशातून ट्रक येत राहिले: धान्य, औषधे, तंबू, भांडी, कपडे. त्याबरोबर बघ्यांची गर्दीही आली आणि अरुंद रस्ते तुंबले. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. अंगावरचे लुगडे सोडून सर्वस्व गमावलेल्या शेतकरी बाईला शहरातल्या कपाटातले उरलेले कपडे मिळत होते.

१२/
या ढिगांची थट्टा करणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. पाठवणाऱ्यांचे मन खरे होते. कित्येकांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून दिले. त्या मदतीने हजारो जीव जगले. उणीव भावनेत नव्हती, माहितीत होती. ओलिताची शेती करणाऱ्याला काय लागते, कोरडवाहू शेतकऱ्याला काय, जनावरे मेलेल्या घराला रब्बीच्या पेरणीआधी काय हवे, हे विचारल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते. हळहळ एका रात्रीत उभी राहते. विचारपूस करायला वेळ लागतो.

१३/
काहींनी तो वेळ काढला. भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. पुढे वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. मदत वाटून परतण्याऐवजी त्या मुलांच्या पुढच्या कित्येक वर्षांची जबाबदारी घेतली गेली. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांनाही नंतर याच केंद्राने आधार दिला. एका आपत्तीत शिकलेले लक्ष दुसऱ्या आपत्तीत कामी आले.

१४/
पुनर्वसनाचा मोठा आराखडा १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने आकाराला आला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची. काही गावे जागच्या जागी पुन्हा बांधायची. आणि हजाराहून अधिक गावांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात इतक्या व्यापक प्रमाणावर घरे बांधण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल.

१५/
गावे हलवण्याचा निर्णय लोकांवर लादला गेला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. त्यांना विचारले गेले होते, आणि बहुतेकांनी सांगितले होते: आम्हाला या जागेवरून दूर न्या. ज्या गल्लीत पोरे गाडली गेली, तेथे पुन्हा चूल मांडायची कोणाला सोसेल? पण हे उत्तर पहिल्या आठवड्यांतील भयाचे होते. शेत किती लांब पडेल, शेजार कोण असेल, गाय कोठे बांधायची, हे प्रश्न तेव्हा कोणाच्याच मनात नव्हते. एकदा विचारून विचारपूस पूर्ण होत नाही, हा किल्लारीचा पहिला धडा.

१६/
नवी घरे तीन आकारांची ठरली: भूमिहीन व अत्यल्प जमीनधारकांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर जमीन असलेल्यांना ४००, त्याहून मोठ्या जमीनधारकांना ७५०. प्रशासनाच्या दृष्टीने निकष सुटसुटीत होता, कागदावर तपासता येणारा. पण तो सातबारा मोजत होता, घरातली माणसे मोजत नव्हता. भूकंपाने सर्वांना एकाच रांगेत आणले होते. घरवाटपाने ती रांग पुन्हा जमिनीच्या हिशेबाने लावली.

१७/
नवी गावे बहुतांशी नगररचनेच्या नियमाने आखली गेली: रुंद सरळ रस्ते, एकसारखे भूखंड, सुटी सुटी घरे. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा व्यापली गेली. जुन्या गावात घराला उंच भिंत होती, आत अंगण होते. बाईमाणूस तेथे निवडणे-टिपणे करी, न्हाई-धुई, शेजारणीशी बोले, आणि रस्त्यावरून कोणाची नजर पडत नसे. नव्या घरांना चारही बाजूंनी रस्ता लागला आणि अंगण हरवले. धान्य, अवजारे, कडबा, जनावरे यांची सोय नकाशात नव्हती.

१८/
टोकाचे उदाहरण औसा तालुक्यातील गुबाळ गावाचे. तेथे घुमटाकार घरे बांधली गेली. घुमट हा भूकंपाला तोंड देणारा भक्कम आकार. अभियांत्रिकीच्या वहीत उत्तर बरोबर. मात्र गोल भिंतीला पेटी, कणगी, फडताळ नीट टेकत नाही. मुलाचे लग्न झाल्यावर एक खोली जोडावी म्हटले तर जोडता येत नाही. शेतकऱ्याचे घर पिढीबरोबर वाढत असते. घुमट वाढत नाही.

१९/
लोक गप्प बसले नाहीत. वर्षे सरली तशी त्यांनी घरांभोवती कुंपणे घातली, पुढे ओसरी काढली, मागे गोठा उभारला, अंगण परत मिळवले. एका अर्थी गावकऱ्यांनी नव्या गावातच आपले जुने गाव पुन्हा बांधून काढले. काहींनी मात्र ही वाढीव बांधकामे पुन्हा सुट्या दगडमातीचीच केली. घर मजबूत का केले, हे ज्याला कोणी समजावले नाही, तो मजबुती पुढे नेणार तरी कशी?

२०/
वेगळ्या वाटेने जाणारेही होते. केरळमधील 'मल्याळ मनोरमा' दैनिकाने लातूर जिल्ह्यातील बाणेगाव उभारण्याचे काम घेतले आणि त्यासाठी लॉरी बेकर या ख्यातनाम वास्तुरचनाकारांचे साहाय्य घेतले. राहणाऱ्याशी आधी बोलायचे, त्याच्या सवयी पाहायच्या आणि मग रेघ ओढायची, ही बेकर यांची आयुष्यभराची पद्धत. येथे घरे सरळ रांगांत न लावता सामाईक मोकळ्या जागेभोवती गटांनी मांडण्यावर भर होता. शेजार हीसुद्धा बांधायची गोष्ट आहे, हे त्यांनी ओळखले होते.

२१/
खरी कसोटी तिसऱ्या गटात लागली: दुरुस्तीची दोन लाख घरे. येथे काम अडले. भूकंपानंतर दगडी घराविषयी मनात दहशत बसली होती. लगतच्या गावांना नवी कोरी घरे मिळत असताना 'तुमचे घर दुरुस्त करा' हे सांगणे लोकांना फसवणुकीसारखे वाटे. अभियंते थोडे, गावे फार. अनुदानाचा हप्ता, सिमेंट, कागदपत्रे यांची माहिती गावातल्या मोजक्या पुरुषांपाशी अडकलेली. पैसा होता, तंत्र होते, पण भरवसा नव्हता.

२२/
तेव्हा शासनाने लोकसहभागाचे काम प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे सोपवले. त्यातून गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. त्या महिला मंडळांतील, त्याच गावच्या. काहींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरीही चढली नव्हती. त्यांचे काम तीन शब्दांत सांगता येईल: ऐकणे, समजावणे, कळवणे. अभियंत्याचे म्हणणे गावाला आणि गावाचे म्हणणे अभियंत्याला.

२३/
त्यांनी काय समजावले? भिंतीच्या दोन थरांना शिवणारे आडवे जोडदगड घालणे. माळवदावरची माती कमी करून छप्पर हलके करणे. लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकणे. भिंतीवर सलग पट्टा देऊन चारही भिंती एकत्र बांधणे. येथे मघाची ती बारीक गोष्ट आठवावी: भूकंपातही उभे राहिलेले लाकडी खण. तुमचे घर पूर्ण वाईट नव्हते, त्यातले चांगले राखून वाईट दुरुस्त करता येते, हे वाक्य शेजारच्या बाईकडून ऐकताना घरमालकाला लाज वाटत नव्हती, उभारी येत होती.

२४/
हे काम स्त्रियांनाच का साधले? कारण घर वापरणारी तीच. चूल कोठे, पाण्याचा माठ कोठे, बाळंतिणीची खोली कोणती, धूर कोठून जावा, हे तिला ठाऊक. शिवाय रात्री कोणत्या भिंतीकडे पाहून झोप उडते, हे शेजारीण शेजारणीलाच सांगते. सरकारी पाहणीच्या तक्त्यात या माहितीसाठी रकाना नसतो. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण आहेच. या स्त्रियांचेही घर त्याच रात्री हादरले होते.

२५/
दुःखाला वेळापत्रक नसते, याचीही नोंद याच काळात झाली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला. आपत्तीनंतर अन्न-वस्त्र-निवाऱ्याबरोबर मनाचीही शुश्रूषा लागते, ही जाणीव भारतातील आपत्ती व्यवस्थापनात तेव्हा नवखी होती. घर बांधून झाले म्हणजे माणूस बांधून झाला, असे नाही. किल्ली हातात पडल्यावरही विचारपूस चालूच ठेवावी लागते.

२६/
२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या ग्रामीण स्त्रिया तेथील स्त्रियांना भेटायला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर मराठवाड्याच्या आणि गुजरातच्या स्त्रिया तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचल्या. भाषा वेगळी, अन्न वेगळे, एकीकडे वाळवंट तर दुसरीकडे समुद्र. नेण्यासारखे फार सामान त्यांच्याजवळ नव्हते. आपण यातून गेलो आहोत आणि पुन्हा उभे राहिलो आहोत, एवढी एक गोष्ट त्या सोबत घेऊन गेल्या. घेणाऱ्याच्या रांगेत उभी असलेली बाई आठ वर्षांत शिकवणारी झाली होती.

२७/
मदतीचा एक धोका असा की तिच्यात नाते उतरंडीचे होते: एकाचा हात वर, दुसऱ्याचा खाली. विचारपुशीत ही उतरंड मोडते, कारण विचारणाऱ्याला मान्य करावे लागते की उत्तर समोरच्याजवळ आहे. किल्लारीत जेथे जेथे हे मान्य झाले, तेथे घर टिकले, नाते टिकले आणि लोकांचा मानही टिकला. जेथे ते झाले नाही, तेथेही घरे भक्कम उभी राहिली, पण घरपण आणायचे काम लोकांनी पुढे स्वतःच्या खर्चाने केले.

२८/
समानुभूतीचे उदात्तीकरणही टाळावे. नुसत्या समजुतीने भिंत सावरत नाही. त्याला जोडदगड लागतो, सिमेंट लागते, निधी लागतो, कडक तपासणी लागते. ५२ गावे काही वर्षांत उभी करणारी यंत्रणा ही लहान गोष्ट नव्हती आणि त्या घरांत आज एक अख्खी पिढी वाढली आहे. मुद्दा इतकाच की तंत्र आणि समज एकत्र आली, तेव्हा काम पुरे झाले. २००२ च्या सुधारित नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या भूकंपप्रवण क्षेत्रात गेला. १९९२ साली लोकांच्या भीतीने जे सांगितले होते, ते नकाशाने दहा वर्षांनी नोंदवले.

२९/
दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाशी माणसे जमतात, मानवंदना दिली जाते. इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांसाठी या विषयातले मोठे साधन अजून जिवंत आहे: लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूरकडील घरांतली चाळिशी ओलांडलेली माणसे. त्या पहाटे ती कोठे होती, नंतरच्या महिन्यांत कोणी काय दिले, कोणी काय विचारले आणि काय विचारायचे राहून गेले, हे त्यांना विचारावे. उत्तर लांबेल. मध्ये थांबेलही. तेवढा वेळ हातात ठेवूनच बसावे.